लेखी निरोप आणि तोंडचा शब्द

मराठी भाषेंत ‘निरोप’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. निरोप धाडणें म्हणजे दूरच्या माणसास कांहीं कळविणें, आणि निरोप घेणें म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होणें. दोन्ही अर्थांच्या मुळाशीं वियोग आहे. माणूस समोर असता तर निरोपाची गरजच पडली नसती. परंतु आज अशी स्थिति आली आहे कीं, वियोग नसतांनाहि निरोप धाडले जातात. वरच्या मजल्यावर बसलेला मुलगा खालीं स्वयंपाकघरांतल्या आईला, पान वाढलें कीं नाहीं, हें मोबाईलवर लिहून विचारतो. एकाच कचेरींत दोन मेजांच्या अंतरावर बसणारे कारकून दिवसभर एकमेकांस लेखी निरोप पाठवीत असतात. आणि ज्या मित्राच्या दारावरून रोज जाणें होतें, त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा समाचारहि दोन जोडलेल्या हातांच्या चित्रानें घेतला जातो.

यावरून घरोघर वाद चालतो. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, या निरोपांनीं माणसामाणसांतील बोलणें पोकळ केलें. ख्यालीखुशालीच्या दोन शब्दांपलीकडे कोणी कोणास कांहीं विचारीत नाहीं. तरुणांचें उत्तर असें कीं, पूर्वीं महिन्यांतून एखादें कार्ड येई, आतां दिवसांतून दहा वेळां खबर कळते. मग संबंध वाढले कीं घटले? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु लिहिणें श्रेष्ठ कीं बोलणें श्रेष्ठ, हा प्रश्नच मुळीं मोघम आहे. कोणतें काम लेखणीनें करावें व कोणतें जिभेनें, आणि माणूस लिहावयास बसतो तो कांहीं सांगण्यासाठीं कीं कांहीं ऐकावें लागूं नये म्हणून, हा खरा प्रश्न होय.

मोबाईलवरील लेखी निरोपाचा इतिहास फार जुना नाहीं. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ नांवाच्या तरुण अभियंत्यानें संगणकावरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द धाडले. तो या जातीचा पहिला निरोप समजला जातो. अशा निरोपाची मर्यादा १६० अक्षरांची होती, परंतु ही मोजणी रोमन अक्षरांची. देवनागरींत लिहूं गेल्यास एका निरोपांत केवळ ७० चिन्हें मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. शिवाय आरंभींच्या पुष्कळ यंत्रांवर देवनागरी उमटतच नसे. परिणाम असा झाला कीं, मराठी माणूस आपली भाषा रोमन अक्षरांत लिहूं लागला. त्या लिपींत घाईनें लिहिलेले ‘मला’, ‘माळा’ आणि ‘मळा’ हे तीन शब्द सारखेच दिसतात. वाचणारानें संदर्भावरून काय तें ओळखावें. आवाज तर गेलाच होता, त्याच्यामागोमाग उच्चारहि गेला.

भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू कलकत्त्याहून दिल्लींत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. त्या काळीं बोलण्याचा दर मिनिटाला कित्येक रुपये असे आणि आलेला फोन घेणारासहि पैसे पडत. म्हणून लोकांचा ओढा स्वस्त निरोपाकडे असावा, हें स्वाभाविक होतें. पुढें दर उतरले. २००९ मध्यें व्हॉट्सअॅप निघालें आणि निरोपाला अक्षरांची मर्यादा जवळजवळ उरली नाहीं. १५ जुलै २०१३ पासून देशांतील तारसेवा बंद झाली. येथें एक गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. बोलणें महाग होतें तेव्हां माणसें पैसे वांचविण्यासाठीं लिहीत. बोलणें अगदीं स्वस्त झाल्यावरहि तीं लिहीतच राहिलीं. तेव्हां आजच्या लिहिण्याचें कारण पैसा हें नव्हे. तें निराळेंच कांहीं तरी आहे.

लिहिलेल्या शब्दाविषयींची शंका मात्र फार प्राचीन आहे. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वींच्या ‘फीड्रस’ या प्लेटोच्या संवादांत सॉक्रेटिसाच्या तोंडीं असा आक्षेप आहे कीं, लिखित शब्द चित्रासारखा असतो. चित्रांतील माणूस जिवंत दिसतो, परंतु त्यास कांहीं विचारलें तर तो गप्प राहतो. या आक्षेपाचें मर्म लिखाण खोटें असतें हें नाहीं. तें उलट उत्तर देत नाहीं, हें आहे.

महाराष्ट्रांतहि या विषयाची एक कथा परंपरेनें चालत आली आहे. योगी चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतलें, परंतु मायना काय घालावा हेंच त्यांस ठरेना. ‘चिरंजीव’ लिहावें तर ज्ञानेश्वर ज्ञानानें थोर. ‘तीर्थरूप’ लिहावें तर वयानें लहान. शेवटीं त्यांनीं कोराच कागद धाडला, आणि त्याला ज्ञानेश्वरांनीं जें पासष्ट ओव्यांचें उत्तर पाठविलें, तीच ‘चांगदेवपासष्टी’. कथेंतील अद्भुताचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. ज्या समाजानें ही कथा जपली, त्या समाजांत पत्राचा पहिला शब्दच नातें ठरवीत असे, आणि नातें ठरल्यावांचून मजकुराला हात घालतां येत नसे.

पुढें पत्रव्यवहार सार्वत्रिक झाल्यावरहि हा दंडक टिकला. ती., चि., सौ., रा. रा. हीं लहान अक्षरें, ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ किंवा ‘अनेक आशीर्वाद’ हा आरंभ, आणि ‘कळावें, लोभ असावा’ हा शेवट, यांचा आज कोणास यांत्रिकपणा वाटेल. परंतु समोरासमोरच्या बोलण्यांत जें काम वांकून केलेला नमस्कार करतो किंवा डोक्यावर ठेवलेला हात करतो, तेंच काम कागदावर हे शब्द करीत. लिहिणारा आपला आवाज कागदांत घालूं शकत नव्हता. त्याची भरपाई त्यानें रीतीनें केली होती. विशेष हें कीं, ज्यांस वाचतां येत नसे त्यांच्यापुरतेंहि पत्र अगदींच मुकें नसे. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलें असे, आणि मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. टपालवाल्याच्या हातांतलें कार्ड दुरून पाहूनच घरांतल्या बायांना काय तें समजून जाई.

मराठवाड्याच्या दृष्टीनें हा तपशील क्षुल्लक नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत टपालाचें कार्ड १ जुलै १८७९ रोजीं सुरू झालें; परभणी त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती आणि संस्थानचें टपालखातें निराळें होतें. १९४८ पर्यंत संस्थानच्या दरबाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि खेड्यापाड्यांतून मराठी वाचणारेहि मोजकेच असत. अशा मुलखांत पत्र येई तें एकाला, वाचीत असे दुसराच. गांवचा मास्तर, कुळकर्णी किंवा टपालवाला पत्र वाचून दाखवी, चार माणसें भोंवतीं बसून ऐकत, आणि उत्तरहि त्याच्याचकडून लिहवून घेतलें जाई. पत्रास आवाज मिळे तो परक्याचा. सासरीं गेलेल्या लेकीनें आपलें दुःख त्या पत्रांत कितीसें घालावें, याला अर्थांतच मर्यादा होती.

आतां लेखी शब्दांत नेमकें काय हरवतें, तें पाहूं गेल्यास मराठींतला ‘बरं’ हा एकच शब्द पुरेसा आहे. मान हालवून म्हटलेला ‘बरं’ म्हणजे संमति. लांबवलेला ‘बरं’ म्हणजे, पुढें बोला, ऐकणारा ऐकत आहे. तुटक ‘बरं’ म्हणजे राग. हळू आवाजांतला ‘बरं’ म्हणजे नाइलाज. वरच्या पट्टींत संपणारा ‘बरं?’ म्हणजे शंका, आणि भांडण टोकाला गेल्यावर दांत आवळून म्हटलेला ‘बरं!’ म्हणजे धमकी. मोबाईलच्या पडद्यावर या सहांचीहि अक्षरें तींच. रात्रीं उशिरां येणाऱ्या नवऱ्याला बायकोनें नुसतें ‘बरं’ लिहून पाठविलें, तर तो त्या अक्षरांत आपल्या मनांतली भीति वाचील किंवा आपली सोय वाचील. बायकोचें मन मात्र त्यांत असेलच असें नाहीं.

ही केवळ वडील माणसांची कुरकुर नव्हे. प्रयोगांनींहि तिला पुष्टि मिळाली आहे. २००५ मध्यें अमेरिकेंतील जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं वाक्यें उपरोधानें आणि कांहीं गंभीरपणें दुसऱ्यास कळवावयाचीं. एका गटानें तीं लिहून कळवावीं, दुसऱ्यानें बोलून. दोन्ही गटांचा विश्वास असा होता कीं, आपला रोख समोरच्यास शंभरांतून सुमारें ७८ वेळां बरोबर कळेल. बोलणारांच्या बाबतींत तो सुमारें ७३ वेळां कळला. लिहिणारांच्या बाबतींत केवळ ५६ वेळां. नाणें उडवून अंदाज बांधला तरी पन्नास वेळां उत्तर बरोबर येतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या ५६ ची किंमत कळून येते. याचें कारण सोपें आहे. लिहिणारास आपलें वाक्य मनांतल्या मनांत आपल्याच आवाजांत ऐकूं येत असतें, आणि तो आवाज कागदाबरोबर जात नाहीं, हें त्याच्या ध्यानींच येत नाहीं.

या उणीवेची जाणीव आरंभापासूनच होती. १९८२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत स्कॉट फाल्मन यांनीं अशी सूचना केली कीं, संगणकावर लिहिलेला विनोद लोक खरा मानून वाद घालतात, तरी थट्टेच्या मजकुरापुढें आडव्या हसऱ्या तोंडाची खूण करावी. आज मोबाईलवर जी हसऱ्या, रडव्या, लाजऱ्या तोंडांची जत्रा भरते, तिचें मूळ या सूचनेंत आहे. एका अर्थीं हा हळदकुंकवाचा किंवा फाटलेल्या कोपऱ्याचाच नवा अवतार होय. परंतु हीं चिन्हें तयार मिळतात आणि एका बोटासरशीं उमटतात. त्यामुळें ज्याला हसूं आलें नाहीं तोहि हसरें तोंड पाठवितो, आणि अति वापरानें खऱ्या नाण्याचाहि मुलामा उडतो.

बोलण्यांत आणखी एक गोष्ट घडत असते, ती बोलणारांच्या लक्षांतहि येत नाहीं. २००९ मध्यें जगांतील दहा निरनिराळ्या भाषांच्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवधि त्यांत मोजला होता. तो सरासरीनें सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा भरला. एवढ्याशा वेळांत माणूस विचार करून उत्तर देऊं शकत नाहीं. म्हणजे समोरचा बोलत असतांनाच ऐकणाराचें मन त्याच्याबरोबर चालत असतें. म्हणूनच संभाषणांतल्या मौनालाहि अर्थ येतो. ‘येशील ना?’ या प्रश्नानंतर एक क्षण अधिक गेला कीं विचारणारास कळतें, कांहीं तरी अडचण आहे. लेखी निरोपाच्या मौनांत मात्र हा अर्थ उरत नाहीं. उत्तर दोन तासांनीं आलें, तर माणूस रागावला होता, कामांत होता, कीं त्याच्या यंत्रांतली वीज संपली होती, हें कसें ओळखावें?

आवाजाचा परिणाम शरीरावरहि होतो. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत लेस्ली सेल्ट्झर व त्यांचे सहकारी यांनीं लहान शाळकरी मुलींना परक्या माणसांपुढें भाषण करावयास व तोंडीं गणितें सोडवावयास लावलें. त्या गांगरून गेल्यावर कांहींची आईशीं प्रत्यक्ष भेट करविली, कांहींस आईशीं फोनवर बोलूं दिलें, कांहींस तिच्याशीं लेखी निरोपांची देवघेव करूं दिली, आणि कांहींस एकटेंच ठेविलें. २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, भेटीनें व फोनवरच्या आवाजानें मुलींच्या शरीरांतील ताणाचें द्रव्य कमी झालें आणि मायेशीं संबंध असलेलें द्रव्य वाढलें. ज्यांना आईचे लेखी शब्दच मिळाले त्यांची अवस्था, ज्यांना कोणीच भेटलें नाहीं त्यांच्यासारखीच राहिली. शब्द आईचेच होते. आवाज तेवढा नव्हता.

इतकें वाचून कोणी असा निष्कर्ष काढील कीं लेखी निरोप वाईट, तर तो अन्याय होईल. परभणीस १९७२ मध्यें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आज तें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ या नांवानें ओळखलें जातें. तेथून हवामानावर आधारलेला कृषिसल्ला प्रसिद्ध होतो आणि मोबाईलवरहि असा सल्ला शेतकऱ्यांच्या हातीं येतो. कपाशीवर दहा लिटर पाण्यांत किती औषध घालून फवारावें, हें कोणी तोंडीं सांगितलें तर बांधावर पोंचेपर्यंत आंकड्यांची गल्लत होते, आणि ही गल्लत पिकाला व माणसाला दोघांनाहि घातक. असा मजकूर लिहिलेलाच हवा. तो जपून ठेवतां येतो, पुन्हां पाहतां येतो, शेजाऱ्यास दाखवितां येतो. परंतु पानें पिवळीं कां पडलीं, हें त्या निरोपास विचारतां येत नाहीं. म्हणूनच २००४ मध्यें सरकारनें शेतकऱ्यांसाठीं जी फोनसेवा सुरू केली, तिचा उपयोग आहे. तेथें शेतकरी आपल्या भाषेंत प्रश्न करतो आणि माणूस त्यास उलट प्रश्न करतो. आंकडा लिहावा, शंका बोलावी, हा भेद येथें स्पष्ट दिसतो.

ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांस लेखी निरोपानें जणूं कानच मिळाले. ज्यांची जीभ अडखळते, तेहि यावर निःसंकोच बोलतात. रागाच्या भरांत तोंडून जें निघून गेलें असतें, तें लिहिण्याच्या निमित्तानें एकदां डोळ्यांखालून जातें आणि पुष्कळदां खोडलेंहि जातें. मनांत सलणारें दुःख लिहून काढल्यानें माणसास बरें वाटतें, असें जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ पासूनच्या प्रयोगांनीं दाखविलें आहे. आणि तेथें तर लिहिलेलें कोणास पाठवावयाचेंहि नसतें.

याहून नाजूक गोष्ट घरांतल्या बायकांची आहे. गंगाखेडच्या जनाबाईचें नांव जात्याशीं कायमचें जोडलेलें आहे. जनाबाई नामदेवांच्या घरीं राबली, आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळूं लागला अशी लोकांची श्रद्धा आहे. जात्यापाशीं बसून मन मोकळें करणारी ती एकटीच नव्हती. पुण्यांतील हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासुरवास आहे, भावाची वाट पाहणें आहे. जें घरांत कोणापुढें उच्चारतां येत नसे, तें पहाटे जात्याच्या घरघरींत गातां येई. आजच्या सुनेच्या घरीं जातें नाहीं. ती आईला फोन करते तेव्हां ओसरीवर सासरा असतो, चुलीपाशीं सासू असते. मग ती ‘बरी आहे’ म्हणते आणि फोन ठेवते. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या चार ओळी लिहिते, तेव्हां खरी हकीकत माहेरीं पोंचते. येथें बोलणेंच पोकळ आहे आणि लेखी निरोपच सखोल. शब्दाला अर्थ येतो तो तो उच्चारण्याच्या मोकळेपणानें. मोकळेपणा जेथें लिहिण्यांत असेल, तेथें लिहिणेंच खरें बोलणें होय.

याच जिल्ह्यांत याची दुसरी बाजूहि पाहावयास मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. तान्हीं लेकरें बरोबर जातात. शाळेंत जाणारीं बहुधा गांवीं आजीजवळ राहतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्यांतील सात वर्षांवरील माणसांपैकीं सुमारें चौथा हिस्सा निरक्षर होता, आणि त्यांत बायका अधिक होत्या. त्यांतहि म्हाताऱ्यांचें प्रमाण अधिक असणार हें उघड आहे. अशा घरीं कारखान्याच्या तळावरून बापानें लेखी निरोप धाडला, तर तो वाचतो नातू. ‘पैसे पाठविले, फी भर’ एवढा मजकूर त्याला पुरतो. आजीला मात्र त्या दिवशीं मुलाकडून कांहींच आलेलें नसतें. पूर्वीं निदान पत्र चारचौघांत मोठ्यानें वाचलें जात असे आणि तिच्या नांवाचा नमस्कार तिच्या कानीं पडत असे. आतां नातू पडद्याकडे पाहतो आणि मोबाईल खिशांत घालतो.

२०१३ पासून व्हॉट्सअॅपवर आवाज मुद्रित करून धाडण्याची सोय झाली, आणि अशा कुटुंबांना तिचा मोठा आधार मिळाला. ज्याला लिहितां येत नाहीं तो बोलून निरोप धाडतो, ज्याला वाचतां येत नाहीं ती कान लावून ऐकते, आणि आठवण झाली कीं पुन्हां ऐकते. हा लाभ थोडा नव्हे. तरी त्या आवाजांतहि सॉक्रेटिसाची उणीव उरतेच. मुलगा खोकलत बोलला, तर आजी त्या यंत्रास विचारूं शकत नाहीं कीं, खोकला केव्हांपासून आहे आणि औषध घेतलें कीं नाहीं. आवाज आला, पण संवाद झाला नाहीं. त्यासाठीं फड सुटल्यावर, कोपीपाशीं भाकरी होईपर्यंतच्या वेळांत, पांच मिनिटें प्रत्यक्ष फोनच करावा लागतो. लेकराच्या बाबतींतहि असेंच आहे. परीक्षेंत किती गुण पडले हें लिहून कळतें. रात्रीं आईवांचून झोंप येते कीं नाहीं, हें लेकरूं लिहून सांगत नाहीं. तें आईला त्याच्या आवाजावरून कळतें.

म्हणजे बोलण्याचें खरें सामर्थ्य नुसत्या आवाजांतहि नाहीं. समोरचा माणूस मध्येंच थांबवूं शकतो, विचारूं शकतो, रडूं शकतो, नाहीं म्हणूं शकतो, आणि बोलणाराला तें त्याच क्षणीं सोसावें लागतें. बोलण्याचें वजन या सोसण्यामुळें आहे. आणि बोलणें स्वस्त झाल्यावरहि माणसें लिहीतच कां राहिलीं, याचें उत्तर पुष्कळ अंशीं येथेंच आहे. उसने घेतलेले पैसे या महिन्यांत देतां येत नाहींत, ठरलेलें लग्न मोडावयाचें आहे, आजारी मावशीला भेटावयास जाणें झालें नाहीं, अशा वेळीं निरोप लिहिणें सोयीचें वाटतें, कारण समोरच्याचा उसासा ऐकावा लागत नाहीं. तेवढ्यापुरता त्रास वांचतो. परंतु ज्याला निरोप मिळतो, त्यानें आपला उसासा कोठें टाकावा?

शिवाय ही भीति बहुधा वाजवीपेक्षां जास्त असते. अमित कुमार व निकोलस एप्ली यांनीं २०२१ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत लोकांना जुन्या स्नेह्यांशीं पुन्हां संबंध जोडावयास सांगितलें. कांहींनीं फोन करावयाचा, कांहींनीं लिहावयाचें. फोन करणें फार अवघड जाईल, असा अनेकांचा आधीं तर्क होता. प्रत्यक्षांत फोन करणारांस लिहिणारांपेक्षां अधिक अवघडल्यासारखें झालें नाहीं, आणि जवळीक मात्र अधिक वाटली. पुष्कळ दिवसांत बोलणें न झालेल्या भावाला फोन लावतांना जो संकोच वाटतो, तो पहिल्या ‘कोण बोलतंय?’ पर्यंतच टिकतो, हा अनुभव घरोघरचा आहे.

तेव्हां या सर्व विवेचनावरून व्यवहारापुरते कांहीं नियम काढतां येतात. तारीख, वेळ, पत्ता, रक्कम, औषधाचें प्रमाण, गाडीचा क्रमांक, हें सर्व लिहावें. ज्याचे उपकार झाले त्यास बोलून तर सांगावेंच, पण लिहूनहि द्यावें, कारण लिहिलेला चांगला शब्द माणूस वर्षानुवर्षें जपून ठेवतो. रागाची गोष्ट लिहून पाहावी आणि न धाडतां समोर जाऊन शांतपणें बोलावी. मृत्यूचा समाचार, आजाऱ्याची चौकशी, क्षमेची याचना, दिलेला शब्द मोडणें आणि रुसलेल्याची समजूत, या पांच गोष्टी शक्य असतील तर समक्ष, नाहीं तर आवाजानें कराव्या; या पांचांत समोरच्याला उलट बोलण्याचा हक्क आहे, आणि लेखी निरोपानें तो हक्क हिरावला जातो. ज्या घरांत एखाद्या माणसास वाचतां येत नाहीं, तेथें त्या माणसासाठीं फोन राखून ठेवावा. आणि जेथें एखाद्या मुलीला मोकळेपणानें बोलण्याची सोय नाहीं, तेथें तिच्या चार ओळी ही क्षुल्लक गोष्ट समजूं नये. त्या वाचून तिला भेटावयास जावें.

लिहिणें धाकटें नाहीं आणि बोलणें थोरलें नाहीं. निरोप लिहून झाल्यावर, तो धाडण्यापूर्वीं, माणसानें स्वतःला एकच गोष्ट विचारावी: हाच मजकूर त्या माणसाच्या तोंडावर बोललों असतों, तर त्यानें काय उत्तर दिलें असतें? तें उत्तर ऐकण्याची तयारी असेल, तर निरोप खुशाल धाडावा. ती नसेल, तर तो निरोप बाजूस ठेवून फोन उचलावा.